रंग न दिलेली गाडी: तोक्यू ७००० आणि इतिहास वाचण्याची आपली सवय

१/
उत्तर जपानमधील आओमोरी प्रांत सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील हिरोसाकी शहरातून कोनान रेल्वे ही लहानशी खासगी कंपनी दोन दोन डब्यांच्या विजेच्या गाड्या चालवते. खिडकीबाहेर बागा, भातखाचरे आणि दूरवर इवाकी पर्वत दिसतो. डब्यात उभ्या प्रवाशांना धरण्यासाठी ज्या कड्या लोंबतात, त्यांवर मात्र जाहिरात आहे ती शिबुयातील '१०९' या दुकानांच्या इमारतीची. शिबुया म्हणजे टोकियोचा गजबजलेला भाग, आणि तो येथून रेल्वेने जवळपास सातशे किलोमीटर दूर. छताच्या पंख्यांवर 'टीकेके' ही तीन अक्षरे कोरलेली. सफरचंदाच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला शिबुयात खरेदीला बोलावणारी ही जाहिरात तेथे कशी पोहोचली, याची कथा आजच्या थ्रेडमध्ये सांगायची आहे. कथेबरोबर माझे एक मतही आहे. ते पटले नाही तर खाली जरूर भांडा.

२/
आधी कोडे सोडवू. जपानीत दहाला 'तो' आणि नऊला 'क्यू' असेही वाचता येते. १० आणि ९ मिळून 'तोक्यू'. हे टोकियोच्या नैर्ऋत्येकडील एका मोठ्या खासगी रेल्वे कंपनीचे नाव. 'टीकेके' ही तिच्याच जुन्या पूर्ण नावाची आद्याक्षरे. कोनानचे हे डबे १९६० च्या दशकात तोक्यूसाठी बांधले गेले, शिबुया ते योकोहामा या तोयोको मार्गावर त्यांनी लाखो नोकरदारांची ने-आण केली आणि मग ते विकले गेले. नव्या मालकाने कड्या बदलल्या नाहीत, पंखेही तसेच ठेवले.

३/
या गाडीचे नाव 'तोक्यू ७०००'. सन १९६२ ते १९६६ या काळात तिचे एकूण १३४ डबे बांधले गेले. संपूर्ण शरीर, म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला सांगाडा दोन्ही, स्टेनलेस स्टीलचे असलेली ही जपानमधील पहिली गाडी.

माझे म्हणणे असे. त्या दशकातील जपान समजून घ्यायचा असेल, तर १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावलेल्या शिंकान्सेनपेक्षा ही गाडी अधिक शिकवते. शिंकान्सेनचा गौरव मी नाकारत नाही. परंतु समाजमाध्यमांवर जपानच्या रेल्वेचा इतिहास म्हणजे वेगाची एक ओवाळणी होऊन बसली आहे: निमुळते नाक, मागे फुजी पर्वत, खाली 'शिस्त बघा शिस्त' असा मथळा. रोज सकाळी आठ वाजता कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी त्या चित्रात कुठेच नसते.

४/
कथेची सुरुवात एका भीषण दिवसापासून करावी लागते. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामाच्या साकुरागिचो स्थानकात राष्ट्रीय रेल्वेच्या लोकलवर विजेची तार पडली आणि आग लागली. डबे युद्धकाळातील घाईने बांधलेले होते. लाकूड भरपूर, खिडक्यांच्या काचा लहान लहान चौकटींत विभागलेल्या, दरवाजे उघडेनात. १०६ माणसे मेली. त्याच साकुरागिचोपर्यंत तेव्हा तोक्यूचा तोयोको मार्गही जात होता. या आगीनंतर जपानमध्ये आगीला दाद न देणारा, पूर्णतः धातूचा डबा ही केवळ अभियंत्यांची आवड राहिली नाही.

५/
धातूचा डबा म्हणजे साधे पोलाद, आणि साधे पोलाद म्हणजे गंज. गंज थोपवायचा तर रंग हवा. रंग द्यायचा तर गाडी कारखान्यात अडकून पडते, जुना थर खरवडावा लागतो, लांबी भरावी लागते, नवे थर चढवावे लागतात आणि ते वाळेपर्यंत थांबावे लागते. शिवाय एक हिशोब असा की, पुढे काही पत्रा गंज खाणारच हे गृहीत धरून तो मुळातच जाड घ्यावा लागतो. म्हणजे गंजाच्या वाट्याचे वजन गाडी पहिल्या दिवसापासून वाहते, आणि ते वाहायला वीज लागते.

गंजच नको असेल तर जाडी कमी, वजन कमी, वीज कमी आणि रंगाचा कारखानाही नको. घरातल्या स्टीलच्या डब्याला आपण कधी रंग देतो का? प्रश्न तितकाच सोपा होता. उत्तर सोपे नव्हते.

६/
उत्तर होते अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडे. एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये स्थापलेली ही कंपनी मुळात मोटारींचे पोलादी सांगाडे बनवणारी. १९३० च्या दशकात ती स्टेनलेस स्टीलच्या आगगाड्यांकडे वळली. २६ मे १९३४ रोजी तिची 'पायोनियर झेफिर' ही गाडी डेन्व्हर ते शिकागो हे सुमारे १,६३३ किलोमीटर अंतर न थांबता १३ तास ५ मिनिटांत धावली आणि महामंदीने खचलेल्या अमेरिकेत लोक रुळांच्या कडेला तिला बघायला उभे राहिले.

७/
येथे थोडे रसायन सहन करा, कारण सगळी गोम त्यातच आहे.

स्टेनलेस गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. बडने वापरलेल्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असे. परंतु हे पोलाद वेल्डिंग करताना तापून राहिले, की त्यातील कार्बन क्रोमियमला पकडून धातूच्या कणांच्या सीमांवर बसतो. त्या सीमेलगतचे क्रोमियम कमी होते आणि नेमके जोडाशेजारीच गंजाला दार उघडते. म्हणजे गंजू नये म्हणून महागडा धातू आणायचा आणि जोडतानाच त्याचा गुण घालवून बसायचे! शिवाय स्टेनलेस तापले की साध्या पोलादापेक्षा अधिक फुगते आणि उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे पत्रा वाकडा होतो.

८/
बडचे अभियंता अर्ल रॅग्सडेल यांनी यावर 'शॉटवेल्ड' ही पद्धत काढली. दोन पत्रे एकमेकांवर दाबायचे आणि एका ठिपक्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता सोडायचा. ठिपका वितळून जोडला जातो, पण भोवतीच्या धातूला बिघडायला वेळच मिळत नाही. सारे कौशल्य प्रवाह आणि वेळ यांच्या मोजमापात. तरीही पत्र्यावर उरणारी थोडी लाट लपावी आणि त्याला ताठपणा यावा, म्हणून बाजूच्या पत्र्याला आडव्या पन्हळी पाडायच्या. तोक्यू ७००० च्या अंगावरच्या त्या आडव्या रेघा पाहून आपल्याला वाटते की ही सजावट असावी. ती सजावट नाही.

९/
आता योकोहामा. युद्धकाळात जेथे जपानी नौदलाचे तांत्रिक आवार होते, त्या जागेवर युद्धानंतर तोक्यूने आपला गाड्या दुरुस्तीचा कारखाना उभारला. त्यातून 'तोक्यू कार' ही गाड्या बांधणारी कंपनी घडली. १९५८ मध्ये तिने 'तोक्यू ५२००' ही गाडी काढली. तिची कातडी स्टेनलेसची, पण हाडे साध्या पोलादाची. बाहेरच्या पन्हळींमुळे प्रवाशांनी तिला 'युतांपो' म्हटले. युतांपो म्हणजे थंडीत अंथरुणात ठेवायची गरम पाण्याची पन्हळी धातूची पिशवी. टोपणनाव देण्यात जपानी प्रवासी आपल्या पुणेकरांच्या तोडीचा आहे.

पण आतली हाडे गंजणारी असतील तर कातडी टिकून काय उपयोग? गंज आतून येतो आणि चकचकीत पत्र्यामागे दिसतही नाही. म्हणून तोक्यू कारने १९५९ च्या अखेरीस बडशी तांत्रिक सहकार्याचा करार केला. १९६२ ची ७००० ही त्या कराराची पहिली निष्पत्ती.

१०/
यावर माझ्या तरुण मित्रांपैकी काहींची प्रतिक्रिया मला ठाऊक आहे: 'म्हणजे नक्कलच की!' अगदी बरोबर. ७००० चा चेहरा १९६० मध्ये बडने फिलाडेल्फियाच्या मार्केट-फ्रँकफर्ड मार्गासाठी बांधलेल्या डब्यांशी इतका मिळताजुळता आहे की दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली तर बहिणी वाटाव्यात. डब्याखालचा चाकांचा गाडाही बडचाच, 'पायोनियर ३' नावाचा. (रेल्वेतील लोक या गाड्यालाच 'बोगी' म्हणतात, आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, हा गोंधळ ध्यानात ठेवा.) त्याच्या ब्रेकच्या तबकड्या चाकांच्या बाहेरच्या अंगाला होत्या. फलाटावर उभ्या पोराला गाडी निघताना त्या तबकड्या गरगरताना दिसत.

जपानच्या 'स्वयंभू' तंत्रज्ञानाच्या कथा सांगणाऱ्यांना हे अडचणीचे वाटते. मला त्यात लपवण्यासारखे काही दिसत नाही. परवाना घेणे ही शरमेची बाब नसते. इतिहासकाराने पाहायचे ते परवाना घेतल्यानंतरच्या वीस वर्षांत काय घडले ते.

११/
आपल्याकडचे एक उदाहरण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये मद्रासजवळ पेरांबूरला सुरू झालेला आपला रेल्वे डब्यांचा कारखानाही परवान्यावरच उभा राहिला. तंत्र स्वित्झर्लंडमधील श्लीरेन येथील कंपनीचे, डबा पोलादी. काळ जवळपास तोच, मार्गही तोच. या डब्यांनी देश जोडला, हे खरे. परंतु त्या मूळ आराखड्याचे डबे आपण २०१८ पर्यंत बांधत राहिलो, आणि स्टेनलेस शरीराचे प्रवासी डबे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते २००० नंतर, जर्मन आराखड्याचा नवा परवाना घेऊन. मी कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. आपल्या रेल्वेपुढचे प्रश्न निराळे होते. दोन देशांनी परवान्याचे काय केले याची तुलना मात्र अभ्यासण्याजोगी आहे.

१२/
पुन्हा तोयोको मार्गावर येऊ. ७००० चा प्रत्येक डबा १८ मीटरचा, प्रत्येक बाजूला तीन दरवाजे. सगळ्या डब्यांना मोटारी, आणि दोन डब्यांचा मिळून एक संच. ब्रेक लावताना मोटारीच जनित्रासारख्या चालून वीज तारेत परत पाठवत. आज 'पुनर्जनित वीज' म्हणून ज्याच्या जाहिराती होतात, ते ही लोकल १९६२ मध्ये करत होती. वातानुकूलन अर्थातच नव्हते. उन्हाळ्यात पंखा आणि उघडी खिडकी.

२९ ऑगस्ट १९६४ रोजी भुयारी हिबिया मार्ग पूर्ण झाला आणि त्याच दिवसापासून नाका-मेगुरो स्थानकातून तोक्यूच्या गाड्या थेट भुयारात शिरू लागल्या. उपनगरातून निघालेला माणूस गाडी न बदलता गिंझापर्यंत. शिंकान्सेनच्या उद्घाटनाला अजून महिना होता, ऑलिंपिकला सहा आठवडे.

१३/
एक खासगी कंपनी परदेशी परवान्याचे पैसे भरून अधिक महाग धातूची गाडी का घेते? हा प्रश्न मला तंत्रापेक्षाही रोचक वाटतो.

तोक्यूला मोठे करणारे गोतो केइता हे काही संत नव्हते. इतर कंपन्या गिळंकृत करण्याच्या त्यांच्या सपाट्यामुळे लोक त्यांच्या आडनावावर कोटी करत. जपानीत 'गोतो' उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ दरोडेखोर. १९५९ मध्ये ते वारले. पुत्र नोबोरु यांच्याकडे त्याआधीच अध्यक्षपद आले होते. या कंपनीचा खरा धंदा केवळ तिकिटांचा नव्हता. रूळ टाकायचे, रुळांकडेची जमीन विकसित करायची, घरे विकायची आणि शहराकडच्या टोकाला दुकान उघडायचे. १ एप्रिल १९६६ रोजी डेन-एन-तोशी मार्ग, म्हणजे शब्दशः 'उद्यान-नगर' मार्ग, नागात्सुतापर्यंत वाढवला गेला, तो याच पद्धतीने.

१४/
अशी कंपनी वीस-तीस वर्षांचा विचार करू शकते, कारण तिचा ग्राहक गाडीतून उतरून निघून जात नाही. तो तिने विकलेल्या घरात राहायला जातो. माझा तर्क असा की, स्टेनलेसचा वाढीव खर्च तोक्यूला परवडला तो या दीर्घ हिशोबामुळे. शिवाय परवाना घेणारा कारखाना त्यांचाच होता. एका खिशातले दुसऱ्या खिशात. यात परोपकार शोधू नये. पण स्वार्थाची मुदत लांब असली की वस्तू टिकाऊ होते, एवढे या उदाहरणातून नक्की दिसते.

१५/
आता या कथेची दुसरी बाजू, कारण एकतर्फी गौरव मला नको आहे.

बडच्या परवान्याचे तंत्र तोक्यू कारच्या भिंतींआड राहिले. आराखडे इतरांना दाखवता येत नव्हते. त्यामुळे जपानमधील बाकीचे कारखाने वर्षानुवर्षे फक्त स्टेनलेस कातडीचेच डबे बनवत राहिले. राष्ट्रीय रेल्वे एकाच प्रकारचे डबे अनेक कारखान्यांत वाटून बांधून घेई. एकाच कंपनीला ठाऊक असलेले तंत्र तिच्या पद्धतीत बसेना. १९६३ मध्ये तिने समुद्राकाठच्या खाऱ्या हवेसाठी दहा डिझेल डबे तोक्यू कारकडून स्टेनलेसचे बांधून घेतले, आणि विषय तेथेच राहिला.

१६/
पुढे तोक्यू कारने स्वतःच्या बळावर पाऊल टाकले. संगणकावर सांगाड्यातील ताणांचे गणित करून कमी धातूत तेवढीच ताकद आणली. १९७८ चे प्रायोगिक डबे आणि १९८० ची 'तोक्यू ८०९०' ही त्याची फळे. आता पन्हळीही गेल्या. अखेर राष्ट्रीय रेल्वेने आग्रह धरला, तोक्यू कारने हे हलक्या स्टेनलेसचे तंत्र इतर कारखान्यांना खुले केले आणि १९८५ मध्ये टोकियोच्या यामानोते मार्गावर '२०५' ही गाडी आली. त्यानंतर स्टेनलेस लोकल जपानभर पसरली.

१९६२ पासून १९८५. मधली तेवीस वर्षे राष्ट्रीय रेल्वे आपल्या लोकल रंगवत राहिली. कुलपात ठेवलेल्या ज्ञानाची किंमत मोजायची असेल तर रंगाचे ते सगळे डबे मोजावेत. या थ्रेडमध्ये मी तोक्यूचे कौतुक करतो आहे; तरी हा मुद्दा तिच्या आणि बडच्या खाती नोंदवलाच पाहिजे.

१७/
अनेकांना ७००० कुरूपही वाटे. तिच्या आधीची १९५४ ची 'तोक्यू ५०००' आठवा. गोलसर, हिरवी, गुबगुबीत. लोक तिला लाडाने 'आओगाएरु' म्हणजे हिरवा बेडूक म्हणत. तिचा एक डबा २००६ पासून शिबुया स्थानकासमोर हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याजवळ ठेवलेला होता. २०२० मध्ये तो हाचिकोच्या जन्मगावी, आकिता प्रांतातील ओदातेला हलवण्यात आला. हिरव्या बेडकाच्या नशिबी स्मारक आले. चंदेरी खोक्यावर कोणी प्रेम करत नाही. रंग हा आठवणीचा हस्तक असतो, आणि ७००० ला रंगच नव्हता.

त्याच १९६२ मध्ये तोक्यू कारनेच केइओ कंपनीच्या इनोकाशिरा मार्गासाठी स्टेनलेस गाडी बांधली. तिला पुढचा भाग प्लास्टिकचा देऊन तो सात निरनिराळ्या फिकट रंगांत रंगवला. ती गाडी मात्र लोकांना फार आवडली. म्हणजे उपाय होता, आणि तो स्वस्तही होता. तोक्यूने तो केला नाही, याला माझ्याकडे कंजूषपणाखेरीज दुसरा शब्द नाही.

१८/
१९८७ हे वर्ष मला विलक्षण वाटते. त्या वर्षी फिलाडेल्फियात बडचा रेल्वे डब्यांचा व्यवसाय कायमचा बंद झाला. कंपनी १९७८ मध्येच जर्मनीच्या थिसेनने विकत घेतली होती. गुरूने दुकान आवरले.

आणि त्याच वर्षी टोकियोत ७००० चे पंचवीस वर्षांचे डबे उघडून पाहिले जात होते. शरीर ठणठणीत. मग तोक्यूने ५६ डब्यांचे शरीर तसेच ठेवून बाकी सगळे बदलले: नव्या मोटारी, नवी विद्युत नियंत्रणे, नवे चाकांचे गाडे, छतावर वातानुकूलन. बडचा 'पायोनियर ३' येथे निवृत्त झाला. या रूपाला 'तोक्यू ७७००' असे नाव मिळाले. छतावर वातानुकूलन यंत्राचे ओझे ठेवायचे आणि आणखी काही दशके धावायचे, हे पंचवीस वर्षांच्या शरीराला पेलले.

१९/
उरलेल्या अनेक डब्यांना गावाचा रस्ता मिळाला. १९८८ पासून कोनान रेल्वे. १९९० मध्ये कानाझावाजवळची होकुरिकु रेल्वे आणि ओसाका प्रांतातील मिझुमा रेल्वे. ही दुसरी म्हणजे एका कान्नोन मंदिरापर्यंत जाणारा अवघा साडेपाच किलोमीटरचा मार्ग. १९९१ मध्ये फुकुशिमाहून इइझाका या गरम झऱ्यांच्या गावी जाणारा मार्ग.

येथे १९६२ च्या त्या निर्णयाचा अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक डब्याला मोटारी असल्याने आणि संच दोनच डब्यांचा असल्याने लांबलचक गाडी सहज लहान लहान तुकड्यांत तोडता आली. मधल्या डब्यांना चालकाची खोली नव्हती, ती नव्याने जोडली. म्हणून फुकुशिमातील आणि कोनानच्या काही गाड्यांचे तोंड मूळ ७००० सारखे नाही, एखाद्या सपाट कपाटासारखे आहे. शिबुयाच्या गर्दीत तीस वर्षे मधोमध राहिलेला डबा म्हातारपणी गावात जाऊन पुढारी झाला.

२०/
येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो: हिरव्या बेडकांनाही गावात दुसरे आयुष्य मिळाले नव्हते का? मिळाले होते. फुकुशिमात ७००० येण्याआधी तेच धावत होते, आणि कुमामोतोत तर एक बेडूक २०१६ पर्यंत टिकला. म्हणजे गावाकडे जुनी गाडी जाण्याचे कारण केवळ स्टेनलेस नव्हे. प्रेमाने सांभाळले तर साधे पोलादही टिकते.

मात्र फरक सांभाळण्याच्या ओझ्यात आहे. प्रवासी घटत चाललेल्या, मोजक्या कामगारांवर चालणाऱ्या रेल्वेला गंजाशी वार्षिक लढाई परवडत नाही. जे डबे शतकात नव्हे तर दशकात एकदा लक्ष मागतात, ते तिला आणखी काही वर्षे चालू ठेवतात.

२१/
आणि दुसरा आक्षेप, जो मला अधिक बोचतो. शहराने तीस वर्षे वापरलेली गाडी गावाने घ्यावी, यात कौतुक कसले? टोकियोचा माणूस वातानुकूलित नव्या डब्यात आणि आओमोरीचा शेतकरी टोकियोच्या जुन्या पंख्याखाली. हीच साखळी पुढे समुद्रापलीकडेही गेली: तोक्यूच्या १९७५ च्या '८५००' मालिकेचे डबे पुढे जकार्ताच्या लोकलमध्ये धावले. उतरंडीचा नकाशा काढायचा असेल तर जुने डबे कोठून कोठे गेले एवढे पाहिले तरी पुरते.

हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. एवढेच म्हणेन की, ही उतरंड या गाडीने निर्माण केली नाही; आणि उतरंडीच्या खालच्या पायरीवर जर काही पोहोचणारच असेल, तर ते गंजलेले नसावे, ही किमान अपेक्षा तिने पूर्ण केली.

२२/
आता शिंकान्सेनशी तुलना. तिच्या पहिल्या पिढीचे, १९६४ चे डबे १९७६ पासून बदलायला घेतले गेले. बारा वर्षांत. तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात, बोगद्यांतील हवेच्या दाबात धातू लवकर थकतो. लोकलला तो ताण नसतो. पण मला तुलना यंत्रांची करायचीच नाही, आपल्या स्मरणाची करायची आहे. ज्या गाडीचे डबे बारा वर्षांत थकले तिची चित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. जिचे डबे पन्नास वर्षे थकले नाहीत तिचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी आजवर ऐकले होते?

२३/
जपानमध्ये दखल अगदीच घेतली गेली नाही असे नाही. २०१२ मध्ये तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने तोक्यू ५२०० आणि ७००० यांना 'यांत्रिक अभियांत्रिकी वारसा' म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बांधणाऱ्या कारखान्यावरून 'तोक्यू' हे नाव उतरले; तो पूर्व जपान रेल्वेच्या मालकीचा झाला. योकोहामातील ती जागा तीच, गाड्या बांधणेही चालू आहे, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या स्टेनलेस गाड्यांच्या बाजूला आता पन्हळी नसतात.

२४/
टोकियोत ७७०० ची शेवटची गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये थांबली. फुकुशिमातील ७००० मार्च २०१९ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या गाड्याही तोक्यूच्याच जुन्या, १९८८ च्या '१०००' मालिकेतील.

आणि टोकियोतून काढलेल्या ७७०० पैकी पंधरा डबे भंगारात गेले नाहीत. मिए प्रांतातील कुवाना येथून गिफु प्रांतातील ओगाकीमार्गे इबीपर्यंत ५७.५ किलोमीटर जाणाऱ्या योरो रेल्वेने ते विकत घेतले. २०१९ च्या वसंतात, फिलाडेल्फियाचे तंत्र वापरून योकोहामात ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले ते साठीकडे झुकलेले पत्रे तेथे शाळकरी मुलांना घेऊन धावू लागले.